पिशवी, गाठ आणि दसऱ्याची तारीख: पाळीतील अतिरक्तस्रावाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी ओपीडी संपत आली असताना कमलताई आल्या. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. वय ३६, वजन ४२ किलो, तीन मुलं, धाकट्याच्या जन्मानंतर लगेच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. बीड जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव. नवरा-बायको ऊसतोड मजूर, दोघं मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला एकच जोडी. दसरा झाला की टोळीबरोबर निघायचं, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परतायचं. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी टेबलाची कड धरली आणि क्षणभर डोळे मिटून घेतले. नखं कागदासारखी पांढरी पडली होती.

हातातल्या पिशवीत घडी घालून मऊ झालेला सोनोग्राफीचा एक कागद होता. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका खासगी दवाखान्यात तो काढलेला. त्यावर निदान म्हणावं अशी एकच ओळ होती: गर्भाशय आकाराने मोठं, अस्तर जाड. तिथे त्यांना सांगितलं होतं की पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल, ३५ हजार लागतील. टोळीचा मुकादम ती रक्कम उचलीत, म्हणजे हंगामाआधी मिळणाऱ्या आगाऊ पैशांत, वाढवून द्यायला तयार होता.

कमलताई माझ्याकडे दुसरं मत घ्यायला आलेल्या नव्हत्याच. पैसे थोडे कमी होतात का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. "मॅडम, पिशवीच काढून टाका. पोरं झाली, आता काय करायचीय तिला ठेवून? दसऱ्याच्या आत उरकलं पाहिजे."

या वाक्यामागे काय आहे ते आमच्या भागात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती गोळा झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागे जवळपास एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार तीन टक्क्यांच्या थोडं वर आहे. त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सर्व राज्यांना सांगितलं. नियम झाले, ते चांगलंच झालं. पण बाई समोर येऊन "काढाच" म्हणते, तेव्हा तिला देण्यासारखं दुसरं काहीतरी आपल्या हातात असावं लागतं.

समस्या

पाळी नऊ-दहा दिवस चालायची. पहिले चार दिवस अंगावरून खूप जायचं, सुपारीएवढ्या गाठी पडायच्या. हे दीड वर्षापासून सुरू होतं. पाळी दर महिन्याला वेळेवर येत होती, ही गोष्ट मी मुद्दाम टिपून ठेवली. पाळीचं चक्र नियमित आणि स्राव मात्र भरमसाट असेल, तर हार्मोनच्या बिघाडाआधी पिशवीच्या रचनेत काही आहे का ते बघायला हवं.

जुन्या पाठ्यपुस्तकांत एका पाळीत ८० मिलीलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर अतिरक्तस्राव, अशी व्याख्या होती. एका कटिंग चहाएवढं. आता बाईचं रोजचं जगणं अडत असेल तर तो अतिरक्तस्राव, असं मानतात, आणि तेच योग्य आहे. कमलताईंचं काय अडत होतं ते त्यांच्याच तोंडून ऐका: "चार दिवस मोळी डोक्यावर घेतली की डोळ्यापुढं अंधारी येती. बसले तर खाडा. कापड बदलायला उसात जायचं, धुवायला पाणी नाही. वल्लंच नेसून राहायचं."

खाडा म्हणजे कामाला न गेलेल्या दिवसाचा दंड, तो दिवसाला पाचशे रुपये होता. पाच-सहा महिन्यांच्या हंगामात दर महिन्याचे चार खाडे धरा. पिशवी काढण्याचं त्यांचं गणित या आकड्यावर उभं होतं. ते चुकीचं ठरवण्याआधी मला ते समजून घ्यावं लागलं.

तपासण्या

हिमोग्लोबिन ६.४. थायरॉइड ठीक, गर्भ नाही, गर्भाशयमुखाची ॲसिटिक ॲसिडची तपासणी साफ. पिशवीच्या रक्तस्रावाची कारणं २०११ पासून पाम-कोईन नावाच्या नऊ खणांच्या वर्गीकरणात मांडली जातात: मस्सा (पॉलिप), ॲडिनोमायोसिस (अस्तर भिंतीत शिरणं), फायब्रॉइड (पिशवीच्या स्नायूची साधी गाठ), कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था, रक्त न गोठण्याचे आजार, बीजनिर्मितीतला बिघाड, अस्तराचा दोष, औषधं किंवा बसवलेली तांबी, आणि उरलेलं. "पिशवीला सूज" हे यातल्या कुठल्याच खणात बसत नाही. आमच्याकडच्या अर्ध्याअधिक कागदांवर मात्र तेच लिहिलेलं असतं.

योनीमार्गे सोनोग्राफी केली तेव्हा जाड अस्तराच्या जागी एक गोल सावली दिसली. मग पिशवीत थोडं सलाईन सोडून पुन्हा पाहिलं. पाण्यात खडा दिसावा तशी गाठ दिसली. अडीच सेंटिमीटरचं फायब्रॉइड, दोन-तृतीयांशाहून जास्त भाग पोकळीत आलेला, उरलेला भिंतीत रुतलेला. वर्गीकरणाच्या भाषेत टाइप वन. बाकी भिंत निरोगी, दोन्ही अंडाशय व्यवस्थित.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि गाठीवर बोट ठेवलं. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "एवढुशीच?"

पर्याय

नुसत्या गोळ्यांवर भागवणं पहिल्यांदा बाद झालं. ट्रॅनेक्झामिक ॲसिडने पाळीतला स्राव कमी होतो. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ऑरमेलोक्सिफिन ही गोळी, जी सरकारी दवाखान्यात ‘छाया’ नावाने गर्भनिरोधक म्हणून मोफत मिळते, तीही अशा स्रावावर बऱ्याच जणींना उपयोगी पडते. पण पोकळीतली गाठ तशीच ठेवून गोळ्या देणं म्हणजे गळकी तोटी न बदलता खाली बादली लावणं. बादली बदलायला ही बाई सहा महिने इथे असणारही नव्हती.

लिव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारं, बहुतेकांना मिरेना या नावाने माहीत असलेलं ५२ मिलिग्रॅमचं हार्मोनचं यंत्र पिशवीत बसवलं की अस्तर पातळ होतं आणि स्राव खूप कमी होतो. अतिरक्तस्रावावर पहिला उपाय म्हणून मी ते अनेकींना देते. मात्र गाठीमुळे पोकळी वेडीवाकडी असेल तर ते निसटून पडण्याची शक्यता वाढते. म्हणजे आधी गाठ, मग यंत्र.

अस्तर जाळण्याचा पर्याय कागदावर आकर्षक वाटतो: टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. पण चाळिशीच्या आत तो टिकत नाही असा अनुभव आहे. अस्तर पुन्हा वाढतं आणि काही वर्षांत दुसरं ऑपरेशन मागे लागतं. कमलताईंच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. नळ्या बांधलेल्या बाईचं अस्तर जाळलं आणि कोपऱ्यात थोडं शिल्लक राहिलं, तर त्याचं रक्त ना खाली उतरतं ना नळीतून पुढे जातं. दर महिन्याला कळ येत राहते. आपल्याकडे तीस-पस्तिशीच्या बहुतेक ग्रामीण बायकांच्या नळ्या बांधलेल्या असतात, त्यामुळे ही गोष्ट आधी बोलायलाच हवी.

गर्भाशयाच्या धमन्या बंद करण्याचा उपाय १९९५ पासून फायब्रॉइडसाठी वापरात आहे. तो मोठ्या शहरातच होतो, आणि इतक्या छोट्या, दुर्बिणीच्या टप्प्यातल्या गाठीसाठी त्याची गरज नव्हती.

राहिली पिशवी काढणं आणि योनीमार्गे दुर्बीण आत घालून फक्त गाठ काढणं.

पिशवी काढण्याच्या बाजूने एक गोष्ट निर्विवाद आहे: पाळी कायमची थांबते. दुसरा कुठलाच उपाय तेवढी खात्री देत नाही, आणि हे मी त्यांना सरळ सांगितलं. मी स्वतः पिशव्या काढते. अस्तरात कर्करोगाची पूर्वावस्था असेल, गाठी मोठ्या आणि पुष्कळ असतील, बाकी उपाय करून झाले असतील, तर काढायलाच हवी, आणि शक्य असेल तिथे पोट न उघडता खालच्या मार्गाने. पण ३६ व्या वर्षी, एका अडीच सेंटिमीटरच्या गाठीसाठी? अंडाशय ठेवले तरी रजोनिवृत्ती काही वर्षं आधी येऊ शकते. अंडाशयही काढले, आणि आमच्याकडे ते "सोबतच" काढले जातात, तर दुसऱ्या दिवसापासून हाडं आणि हृदय यांचं संरक्षण जातं. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईचं हाड हेच तिचं भांडवल असतं.

तरी कमलताईंचं मत यातल्या कशानेही बदललं नाही. बदललं ते कॅलेंडरमुळे. भिंतीवरचं कॅलेंडर काढून मी टेबलावर ठेवलं. रक्त इतकं कमी असताना पिशवीचं ऑपरेशन आज होणार नाही. सप्टेंबरच्या मध्यावर होईल. त्यानंतर किमान सहा आठवडे वजन उचलायचं नाही, मोळीसारखं ओझं तर त्याहून जास्त काळ नाही. बोट दसऱ्यावरून पुढे सरकत दिवाळीच्याही पलीकडे गेलं. दुर्बिणीने गाठ काढली तर चार-पाच दिवसांत हिंडा-फिरायला मोकळ्या. त्यांनी कॅलेंडर स्वतःकडे ओढून घेतलं आणि पुन्हा मोजलं.

काय केलं

आधी रक्त. रक्ताची बाटली चढवायची की लोह द्यायचं, हा पहिला खरा निर्णय होता. ६.४ हा आकडा बघून हात बाटलीकडे जातो. पण त्यांना बसल्या जागी धाप नव्हती, नाडी स्थिर होती, पाळी नुकतीच संपली होती आणि हाताशी पाच आठवडे होते. वजन आणि हिमोग्लोबिनवरून हिशेब केला तर तूट सुमारे १,२०० मिलिग्रॅम लोहाची निघत होती. फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज हे लोह शिरेतून ७५० मिलिग्रॅम, आठवड्याने ५०० मिलिग्रॅम दिलं. सोबत पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या, म्हणजे भरलेलं परत सांडणार नाही आणि दुर्बिणीच्या वेळी अस्तर पातळ मिळेल. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.२ झालं. "जिना चढले, थांबले न्हाई," हे त्यांनी आत आल्या आल्या सांगितलं.

माझ्याकडे गाठ कापायची दुर्बीण नाही. शस्त्रक्रिया एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सहकाऱ्यांनी केली, मी सोबत होते. बायपोलर तारेने, सलाईन वापरून. या ऑपरेशनमध्ये सगळं लक्ष पाण्यावर ठेवावं लागतं: आत किती गेलं, बाहेर किती आलं, अंगात किती मुरलं. सलाईन असेल तर अडीच लिटरच्या फरकाला थांबायचंच. सलाईनऐवजी ग्लायसीनचं द्रावण असेल तर एक लिटरलाच, कारण सोडियम झपाट्याने उतरतं. पोकळीतला भाग चकत्या-चकत्यांनी निघाला, तसा भिंतीत रुतलेला भाग पिशवी आवळल्याने पुढे आला. चाळीस मिनिटं, फरक ९०० मिलीलिटर, गाठ एका बैठकीत पूर्ण निघाली. अस्तराचा तुकडाही तपासायला पाठवला.

शेवटी, त्याच भुलीत, हार्मोनचं यंत्र बसवलं. याबद्दल आधी बोलणं झालं होतं, सही होती. माझा विचार असा होता की ही बाई आता सहा महिने माझ्या नजरेआड जाणार. समजा स्राव पूर्ण आटोक्यात आला नाही, तर कारखान्याच्या तळावर तिला कोण बघणार? यंत्र असलं की मागची बाजू भक्कम. या निर्णयाकडे मी पुढे परत येणार आहे.

तपासणीचा अहवाल आला: साधं फायब्रॉइड, अस्तरात कर्करोगाचं काही नाही. तो मी मराठीत वाचून दाखवला, नवऱ्यालाही. "कॅन्सर न्हाई" हे त्यांनी तीनदा वदवून घेतलं.

हंगामात स्राव मोजायला मी त्यांना एक प्लॅस्टिकची डबी आणि मूठभर चिंचोके दिले. एक कापड पूर्ण भिजलं की एक चिंचोका डबीत, महिना संपला की मोजून नवऱ्याने फोनवर सांगायचं. चित्रांचे छापील तक्ते असतात, पण तळावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, कागद टिकत नाही.

पुढे काय घडलं

ऑक्टोबरच्या शेवटी टोळी गेली. पहिल्या महिन्याचे चिंचोके सहा. ऑपरेशनआधीच्या पाळीचा अंदाज त्यांनी स्वतः तीसच्या वर सांगितला होता. मी खूष होते.

डिसेंबरमध्ये फोन आला तो चिंचोक्यांचा नव्हता. रोज डाग. कधी तपकिरी, कधी लाल, कापड भिजावं इतका नाही पण थांबतही नाही. पाच आठवडे झाले होते. "म्हंजी मॅडम, म्हयनाभर बाहीरच बसायचं का?"

हा प्रश्न मला झोंबला, अजून झोंबतो. यंत्र बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने अनियमित डाग पडतात, हे मी सांगितलं होतं. सांगताना माझ्या डोक्यात ती किरकोळ बाब होती. त्यांच्या घरात पाळीचा विटाळ पाळतात. सासू सोबत होती. चार दिवस भरपूर रक्त जाणं आणि चाळीस दिवस थेंब-थेंब जाणं, यातलं दुसरं कमी रक्ताचं असलं तरी त्यांच्यासाठी जास्त जाचक होतं. चूल नाही, देव नाही, आणि रोज कापड धुवायला पाणी हवं.

भरीला एक शब्दाचा घोळ. समजावताना मी यंत्राला "तांबीसारखं" म्हटलं होतं. त्यांच्या जावेला तांबीने भयंकर स्राव झाला होता आणि ती काढावी लागली होती. तांब्याच्या तांबीने पाळी वाढू शकते, हार्मोनच्या यंत्राने ती कमी होते, हा फरक माझ्या एका शब्दाने पुसला गेला. डाग दिसताच सगळ्यांनी ठरवलं, तांबी बाधली.

जानेवारीत कारखान्याजवळच्या एका दवाखान्यात त्यांना पुन्हा तेच ऐकवलं गेलं: पिशवी काढा. तारीखही ठरली. नवऱ्याने आदल्या दिवशी फोन केला, हे माझं नशीब. मी त्याला एवढंच मागितलं की सोनोग्राफी करून फोटो पाठवा. यंत्र जागेवर, अस्तर पातळ, नवी गाठ नाही. मग कमलताईंशी बोलले. दोन वाटा सांगितल्या: यंत्र आत्ता काढून टाकायचं, पाच मिनिटांचं काम आहे, त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही, किंवा पाच दिवस मेफेनामिक ॲसिड ही स्राव कमी करणारी गोळी घेऊन होळीपर्यंत वाट बघायची. यंत्र काढून देईल अशा डॉक्टरीणबाई तिथून वीस किलोमीटरवर मिळाल्या, त्यांचा नंबर दिला. कमलताईंनी वाट बघायचं ठरवलं. मला वाटतं, हवं तेव्हा निघू शकतं हे कळल्यामुळेच त्यांना ते ठेवता आलं.

फेब्रुवारीत डाग विरळ झाले, मार्चमध्ये थांबले. एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर त्या आल्या तेव्हा हिमोग्लोबिन १२.१ होतं. पूर्ण हंगामात पाळीमुळे तीन खाडे, तेही डिसेंबरात.

वेगळं काय करता आलं असतं

यंत्र त्याच दिवशी बसवायला नको होतं, असं मला आता वाटतं. त्रास गाठीचा होता आणि गाठ निघाली होती. नुसतं तेवढं करून तीन पाळ्या पाहिल्या असत्या तर बहुधा यंत्र लागलंही नसतं. माझी भीती त्यांच्या गैरहजेरीची होती, आणि त्या भीतीपोटी मी असा उपाय जोडला की ज्याचे पहिले सहा महिनेच सर्वांत जास्त पाठपुराव्याचे असतात. ते नेमके त्यांच्या स्थलांतराचे महिने होते. माझ्या सहकाऱ्यांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, एका भुलीत दोन कामं झाली, आणि पुढच्या वर्षी नवी गाठ आली असती तर तू यंत्राला दुवा दिला असतास. त्यात तथ्य आहे. तरी पुन्हा अशी बाई आली तर मी गाठ सप्टेंबरात काढेन आणि यंत्राचा विषय एप्रिलमध्ये काढेन.

डाग पडण्याबद्दल विचारताना "चालेल का?" असं न विचारता "घरात विटाळ पाळता का, पाणी कुठून आणता, कोण सोबत असतं?" हे विचारायला हवं होतं. सासूला एकदा तरी समोर बसवायला हवं होतं. नवऱ्याशी मी सहीच्या दिवशीच बोलले, तो उशीर होता. आणि जिथे टोळी जाणार त्या भागातला एक डॉक्टर निघण्याआधी शोधून ठेवणं, हे माझं काम होतं. ते मी जानेवारीत, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, घाईघाईने केलं.

लोह आधी देण्याचा निर्णय मात्र मी पुन्हा तसाच घेईन. खरं तर सगळं वळण तिथेच मिळालं. त्या पाच आठवड्यांत कमलताईंना कित्येक वर्षांनी अंगात ताकद म्हणजे काय ते जाणवलं, आणि मग त्या "उरकून टाका" हा शब्द कमी वापरू लागल्या.

एप्रिलच्या त्या भेटीत त्यांनी डबी टेबलावर उपडी केली. मार्चचे दोन चिंचोके. यंत्र ठेवायचं की काढायचं, हे मी पुन्हा विचारलं. "राहू द्या. दसऱ्याच्या आधी दाखवायला येते." मग दाराशी उभ्या असलेल्या जावेला त्यांनी हाताला धरून आत आणलं आणि तिच्या हातातला सोनोग्राफीचा कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर लिहिलं होतं: पिशवीला सूज.